जुन्या जीपला मोठा अल्टरनेटर टाकताय? आधी वायर आणि अर्थिंग बघा

माझ्याकडे १९८९ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, प्युजोच्या डिझेल इंजिनवाली. तिला अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी भरणारा) होता ३५ अँपिअरचा. दोन हेडलाइट, वायपर आणि हॉर्न एवढाच संसार होता तोवर त्याचं काही बिघडलं नाही. मग मी हळूहळू दोन फॉग लॅम्प टाकले, म्युझिक आलं, मोबाईल चार्जर आले, मागे छोटा फ्रिज आला, आणि एका पावसाळी रात्री ताम्हिणीतून येताना बघतो तर वायपर चालू केला की हेडलाइट पिवळे पडतात, पात काचेच्या मध्यावर आली की अजून पिवळे. घाटात त्या उजेडात गाडी चालवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. हेडलाइट ११० वॉट, फॉग ११०, टेल आणि डॅशचे बल्ब मिळून २५, वायपर ६० च्या आसपास, फ्रिज ५०, म्युझिक-मोबाईल ४०. झाले ३९५ वॉट, साडेतेरा व्होल्टने भागले की २९ अँपिअर. ३५ मधून २९ म्हणजे भागायला पाहिजे असं वाटतं ना, पण ते ३५ मिळतात इंजिन चांगलं फिरत असताना, घाटात कमी आरपीएमला त्याच्या निम्मे मिळाले तरी नशीब, बाकीचे बॅटरीतून जातात. तुम्ही पण आधी हा हिशोब करा, बेरजेच्या दुप्पट-अडीचपट अल्टरनेटर घ्या. मी ९० चा घेतला. विंचसाठी (अडकलेली गाडी ओढून काढायच्या मोटरसाठी) मोठा अल्टरनेटर पाहिजे असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे, विंच पूर्ण जोरात ओढताना ३००-४०० अँपिअर खाते, ते बॅटरीच देते, अल्टरनेटर नंतर ती बॅटरी भरतो.

अल्टरनेटर घेताना त्याचे कान (ब्रॅकेटला बोल्टने बसायचे) कुठे आहेत, पुलीची लाइन जुन्या पुलीशी जमते का, पुली व्ही-बेल्टची आहे की बारीक रेघांच्या पट्ट्याची, हे जुना अल्टरनेटर हातात घेऊन दुकानात शेजारी ठेवून बघा. पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात, फोटो दाखवून घ्यायला गेलात तर दोन चकरा नक्की. आणि एक गोष्ट डिझेलवाल्यांनी विसरायची नाही, जुन्या सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांच्या अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. तुमचा ब्रेक बूस्टर त्या पंपावर चालत असेल आणि तुम्ही बिनपंपाचा अल्टरनेटर लावलात तर पहिल्याच उतारावर पेडल दगडासारखं लागेल. उलट पंपाची गरज नसताना पंपवाला आणून ऑइलची लाइन न जोडता फिरवलात तर पंप कोरडा फिरून जाम होणार. जे होतं त्याच प्रकारचं घ्या.

आता माझी चूक सांगतो. अल्टरनेटर नवीन, म्हणून ब्रॅकेट पण छान काळा रंग मारून घेतला, दोन हात. गॅरेजमध्ये जुन्या अल्टरनेटरच्या वायरी काढल्या, त्याच नव्याला लावल्या, गाडी चालू, चार्जिंग लाइट विझली, सगळे खूष. रात्री सगळे दिवे लावून चाललो तर फरक जवळपास शून्य! वर डॅशमधून जळकट वास. बोनेट उघडून हात लावत गेलो तर इंजिन बंद करायची जी ओढायची स्टॉपची केबल असते ना, तिचं लोखंडी कव्हर एवढं गरम की बोट टेकवेना. एका साध्या ओढायच्या केबलला गरम व्हायचं कारणच काय?

कारण असं की अल्टरनेटरला मायनसची वेगळी वायर बहुतेक वेळा नसतेच. त्याची बॉडी हाच मायनस. बॉडीतून करंट ब्रॅकेटला, ब्रॅकेटमधून इंजिनला, आणि इंजिनमधून बॅटरीच्या मायनसला जायला पाहिजे. पण इंजिन बसलंय रबरी माउंटिंगवर आणि रबर काही करंट नेत नाही, त्यासाठी इंजिन ते चासी अशी विणलेली तांब्याची पट्टी असते. माझी पट्टी हिरवी पडून तीन-चार तारांवर लटकत होती. मोठ्या अल्टरनेटरचा करंट परत जायला रस्ता शोधत स्टॉपच्या केबलमधून आणि स्पीडोमीटरच्या केबलमधून डॅशकडे जात होता. जुन्या ३५ वाल्याने हे दुखणं इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं.

म्हणून माझं म्हणणं, काम अर्थपासून सुरू करा, प्लसची वायर नंतर. बॅटरीचा मायनस आधी काढा (जोडताना तो सगळ्यात शेवटी). गाडी फारच जुनी विलायती असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थवाली, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली, नाही ना हे बघून घ्या, त्यात अल्टरनेटर तसाच जोडलात तर डायोड (अल्टरनेटरमधले एसीचा डीसी करणारे) गेलेच समजा.

अर्थ तीन पाहिजेत. पहिला बॅटरी मायनस ते इंजिन ब्लॉक, थेट, सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) जवळच्या एखाद्या जाड बोल्टवर, ३५ स्क्वेअर एमएमची केबल, कारण सेल्फचा करंट पण इथूनच परत येतो. दुसरा इंजिन ते चासी. तिसरा चासी ते बॉडी, हा लोक हमखास विसरतात आणि मग हेडलाइट मंद का म्हणून बल्ब बदलत बसतात. मी यात चौथी वायर घातली, अल्टरनेटरच्या बॉडीवरच्या बोल्टपासून सरळ बॅटरी मायनसला, १६ स्क्वेअरची. म्हणजे ब्रॅकेटच्या रंगावर आणि गंजक्या बोल्टवर अवलंबूनच राहायला नको.

जिथे थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा, बोल्टसाठी भोक असलेला तुकडा) बसणार तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, नाण्याएवढी जागा, थिंबलपेक्षा जरा मोठी. दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस फासा. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर हे वरचं फासणं टाळू नका, खारी हवा एका पावसाळ्यात बोल्ट खाते. ब्रॅकेटवरचा रंग पण जिथे अल्टरनेटरचा कान टेकतो तिथून खरवडून काढा. मला माझ्या दोन हात रंगाचं फार वाईट वाटलं होतं, पण काढला.

आता प्लस. अल्टरनेटरच्या मागे जो जाड बोल्ट, तो बी प्लस. मूळची वायर साधारण ६ स्क्वेअरची असते आणि जुन्या जीपमध्ये ती सरळ बॅटरीला जात नाही, लूममधून (वायरींच्या जुडग्यातून) आत डॅशवरच्या अँपिअर मीटरला जाते, मीटरमधून सेल्फच्या टर्मिनलकडे. म्हणजे गाडीचा सगळा चार्जिंग करंट तुमच्या गुडघ्यासमोरून जातो. ३५ अँपिअरला हे चालून जायचं. ८० अँपिअर त्या वायरीतून पाठवले तर दोन मीटरमध्येच अर्धा व्होल्ट जातो आणि ४० वॉटची उष्णता होते, म्हणजे लूमच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. अँपिअर मीटरचा काटा तर शेवटाला चिकटूनच बसतो. त्याचे मागचे नट ढिले असतील तर तिथून आग लागू शकते, हे मी घाबरवायला सांगत नाही.

म्हणून बी प्लसपासून बॅटरी प्लसपर्यंत २५ स्क्वेअरची नवीन केबल टाका, दोन मीटरच्या आत लांबी ठेवा. वेल्डिंगची केबल मस्त चालते, मऊ असते, बारीक तारांची असते त्यामुळे इंजिनच्या थरथरीने तुटत नाही. पण ती तांब्याचीच आहे का हे टोक सोलून, ब्लेडने खरवडून बघा, बाजारात ॲल्युमिनियमची पण मिळते आणि तांब्याचा मुलामा दिलेली पण. घरच्या वायरिंगची कडक वायर अजिबात नको. पुण्यात तपकीर गल्लीत तांब्याचे थिंबल मिळतात, तिथेच कुणाकडून तरी हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. पकडीने चेपून वर सोल्डर ओतणे हा प्रकार करू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन हादऱ्याने तुटते. वरून हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), मग फ्लेक्झिबल पाइप, आणि सायलेन्सरपासून लांब, जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट.

या केबलमध्ये फ्यूज पाहिजेच. ९० च्या अल्टरनेटरला १२५ अँपिअरचा, बोल्टने बसणारा मिडी किंवा मेगा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या टोकाला, अल्टरनेटरच्या टोकाला नाही. केबल घासून कुठे बॉडीला टेकली तर अल्टरनेटर जास्तीत जास्त शंभरेक अँपिअर देईल, पण बॅटरी शेकड्यांनी ओतेल, म्हणून तिच्या तोंडाशी कुलूप.

जुनी वायर मग सोडवून टाका, दोन्ही टोकांना टेप. ‘राहू दे जोडलेली, तेवढीच मदत’ असं इलेक्ट्रिशियन म्हणेल, ऐकू नका. उद्या मोठा फ्यूज उडाला तर सगळा करंट त्या बिचाऱ्या ६ स्क्वेअरवर जाणार. डॅशला सप्लाय सेल्फच्या टर्मिनलकडून येतो तो तसाच राहू द्या, फक्त त्यात ४० चा फ्यूज टाका, अँपिअर मीटरवर उरलेल्या वायरी एकत्र बोल्टने जोडून नीट इन्सुलेट करा आणि मीटरच्या जागी व्होल्टमीटर लावा. मी जुना मीटर शोभेला ठेवलाय, व्होल्टमीटर त्याच्या शेजारी.

अल्टरनेटरच्या मागच्या छोट्या पिना राहिल्या. डी प्लस किंवा एल ही चार्जिंग लाइटची. ही लाइट नुसती दाखवायला नसते, चालू करताना तिच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. डॅशला एलईडी बल्ब टाकले असतील तर एलईडीतून तेवढा करंट जात नाही आणि गाडी रेस केल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही. मग साधा २-३ वॉटचा बल्ब परत लावा नाहीतर एलईडीला समांतर ४७ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. डब्ल्यू असेल तर ती आरपीएम मीटरची, नसेल लागत तर टेप मारून सोडा. एस लिहिलेली पिन असेल तर तिची बारीक वायर छोट्या फ्यूजमधून थेट बॅटरी प्लसला न्या, म्हणजे रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बॅटरीवरचं व्होल्टेज बघून चार्ज करतो, स्वतःच्या पाठीवरचं बघून नाही. डायनामो (अल्टरनेटरच्या आधीच्या काळचा वीज बनवणारा) काढून अल्टरनेटर टाकताय तर त्याचा जुना कट-आउटचा डबा वायरिंगमधून पूर्ण बाहेर.

बेल्टकडे लक्ष द्या. ९० अँपिअर म्हणजे साडेबाराशे वॉट बाहेर, आणि नुकसान धरून इंजिनकडून साधारण तीन हॉर्सपॉवर ओढले जातात, तेही एका व्ही-बेल्टवर. ढिला असेल तर फॉग लावताच किंचाळेल. मधोमध अंगठ्याने दाबून १०-१२ मिमी दबला पाहिजे. जास्त ताणलात तर बेअरिंग जाणार, आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर त्याचंही.

मग चेकिंग, आणि हेच खरं काम. इंजिन २००० आरपीएमला धरायला कुणाला तरी बसवा, हेडलाइट, फॉग, वायपर सगळं चालू. मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्ट रेंजवर. एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही. ०.२ च्या आत आलं पाहिजे. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरी मायनसच्या खांबावर, ०.१ च्या आत. माझं पहिल्यांदा इथे ०.९ आलं होतं! अर्थ नीट केल्यावर ०.०५. बॅटरीवर व्होल्टेज १३.८ ते १४.४ मध्ये पाहिजे. मग मीटर एसीवर टाकून बॅटरीवर बघा, ०.१ च्या खाली असेल तर डायोड ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर डायोड प्लेट संशयित आणि दुकानात परत.

चार्जिंग बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘बघ, बंद पडली नाही’ असं दाखवणारे उस्ताद अजून आहेत. डायनामोच्या काळात ते चालायचं. अल्टरनेटरला बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड, म्युझिक सिस्टिम, काय सापडेल ते घेऊन जातं. हात धरा त्याचा. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा पण आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा.

पाचेकशे किलोमीटर झाले की सगळे अर्थचे बोल्ट परत आवळा आणि बेल्ट परत ताणा, नवीन बेल्ट पहिल्या आठवड्यात सैल होतोच. आणि दिवे लावून वीस मिनिटं चाललात की एकदा गाडी बाजूला घेऊन फ्यूज, बी प्लसचा नट आणि स्टॉपच्या केबलला हात लावून बघा. मी अजून बघतो.