कमांड लाइनवरून कीबोर्ड लेआउट बसवताना या चुका टाळा

लिनक्सवर मराठी टंकलेखन सुरू करायला टर्मिनलमधली एक ओळ पुरते, हे खरे आहे. मात्र ती ओळ नेमके काय बदलणार आहे, चालू सत्र, लॉगिनची स्क्रीन की दोन्ही, हे न पाहताच एंटर दाबणारी मंडळी नंतर ‘कीबोर्ड बिघडला’ म्हणून फोन करतात आणि दर वेळी बिघाड त्याच चार-पाच ठिकाणी सापडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘यूएस’ (इंग्रजी) लेआउट, म्हणजे कळांची मांडणी, काढून टाकून एकटा ‘आयएन’ (भारतीय, देवनागरी) ठेवणे. फोर्ट भागात प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणाऱ्या एका छोट्या दुकानात हा प्रकार घडला. तिथल्या उत्साही मुलाने संध्याकाळी ‘लोकलसीटीएल सेट-एक्स११-कीमॅप आयएन’ ही आज्ञा कुठूनतरी उचलून चालवली. सत्र जुनेच चालू असल्यामुळे त्याला काहीच फरक दिसला नाही आणि तो मशीन बंद करून घरी गेला. ही आज्ञा चालू सत्राला हात लावत नाही. ती ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरातल्या एक्स११च्या (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या लिनक्सच्या जुन्या यंत्रणेच्या) फोल्डरात ‘००-कीबोर्ड.कॉन्फ’ नावाची फाइल लिहिते आणि तिचा परिणाम पुढच्या वेळी दिसतो. सकाळी दुकान उघडले, बाहेर वकिलांचे कारकून कागद घेऊन उभे, आणि मशीन पासवर्ड घेईना. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके उमटतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरे पडत आहेत हे कुणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. कॅप्स लॉक तपासून झाले, कीबोर्ड उलटा करून झटकून झाला, शेवटी मालकांनी लॅमिंग्टन रोडवरून नवा कीबोर्ड मागवला आणि त्यानेही तेच केले. मला बोलावले तेव्हा मुलगा एवढेच सांगत होता, “दादा, काल रात्रीपर्यंत सगळं नीट चालू होतं.” लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (स्वतःच चालू होणारे लिनक्स असलेल्या) मशीन सुरू करून डिस्क जोडली, त्या फाइलीत ‘आयएन’च्या जागी ‘यूएस,आयएन’ लिहिले आणि काम संपले. दुरुस्तीला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ नवा कीबोर्ड येण्याची वाट पाहण्यात गेला होता.

म्हणून माझा शिरस्ता ठरलेला आहे. ‘यूएस’ नेहमी पहिला असतो. नवा लेआउट आधी ‘सेटएक्सकेबीमॅप’ने फक्त चालू सत्रापुरता लावतो, त्याच्यावर काम करून पाहतो, आणि मगच ‘लोकलसीटीएल’कडे वळतो. शिवाय प्रयोग करण्यापूर्वी टर्मिनलमध्ये एकदा ‘सेटएक्सकेबीमॅप यूएस’ मुद्दाम चालवून ठेवतो, कारण पुढे एकही रोमन अक्षर उमटेनासे झाले तरी बाणाच्या कळा चालतात. वरचा बाण दोनदा दाबून ती जुनी आज्ञा समोर आणायची आणि एंटर दाबायचा. ही सवय लावून घ्यायला कष्ट पडत नाहीत, पण घाईतल्या नवशिक्यांना तीही जड वाटते.

दुसरी चूक स्वल्पविरामाची आहे. लेआउटमध्ये ‘यूएस,आयएन’ असे दोन असतील, तर व्हेरियंटच्या (लेआउटच्या उपप्रकाराच्या) जागाही दोनच असतात आणि पहिली रिकामी ठेवायची असल्यामुळे ‘,मराठी’ असा स्वल्पविरामाने सुरू होणारा शब्द द्यावा लागतो. स्वल्पविराम गाळला, की संगणक ‘यूएस’चा मराठी व्हेरियंट शोधू लागतो, तो नसतोच, आणि नवे कीबोर्ड-वर्णन लोड करता आले नाही अशी त्रोटक तक्रार छापली जाते. ‘लोकलसीटीएल’मध्ये तर क्रम लेआउट, मॉडेल, व्हेरियंट, ऑप्शन असा आहे, मॉडेलच्या जागी रिकामे अवतरण न देता व्हेरियंट लिहिणारे पुष्कळ भेटतात. आपल्या मशीनवर कोणते व्हेरियंट आहेत हे ‘लोकलसीटीएल लिस्ट-एक्स११-कीमॅप-व्हेरियंट्स आयएन’ ही आज्ञा सांगते. अंदाजाने नावे टाकून पाहण्यापेक्षा ती यादी वाचावी.

ऑप्शनचा, म्हणजे लेआउट कोणत्या कळेने बदलायचा यासारख्या जादा सूचनेचा, घोळ याहून फसवा आहे. लेआउट बदलण्यासाठी आधी ऑल्ट-शिफ्टची जोडी लावली, आवडली नाही म्हणून कॅप्स लॉक लावला, मग विंडोज-स्पेस लावून पाहिले, तर जुन्या जोड्या रद्द होतात असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ‘सेटएक्सकेबीमॅप -ऑप्शन’ दर वेळी आधीच्या यादीत भर घालते. परिणामी तिन्ही जोड्या एकाच वेळी जिवंत राहतात आणि एडिटरमधला ऑल्ट-शिफ्टचा साधा शॉर्टकट दाबला तरी मधूनच मराठी सुरू होते. ‘सेटएक्सकेबीमॅप -क्वेरी’ चालवली, की ही साचलेली यादी समोर येते. आधी रिकामा ऑप्शन देऊन पाटी कोरी करावी आणि मग हवी ती एकच जोडी लावावी. माझी पसंती कॅप्स लॉकला आहे, म्हणजे ‘जीआरपी:कॅप्स_टॉगल’ला, मोठी अक्षरे शिफ्ट दाबूनही येतात.

‘रोज लॉगिन केल्यावर सेटिंग उडते’ ही तक्रार चूक नाही, तो ‘सेटएक्सकेबीमॅप’चा स्वभावच आहे. यूएसबी कीबोर्ड काढून पुन्हा लावला तरीही तेच घडते. डेबियन आणि उबुंटूवर कायमची नोंद ‘ईटीसी’च्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘कीबोर्ड’ फाइलीत करावी. ‘यूएसआर/शेअर’मधल्या मूळ लेआउटच्या फाइली खरवडू नयेत, पुढच्या अपडेटमध्ये त्या पुसल्या जातात. एकेक कळ बदलणाऱ्या ‘एक्समॉडमॅप’ या आज्ञेचे जुने नुस्खे विसरावेत. एक्स११वर एका वेळी चारच लेआउट बसतात, पाचवा कोंबू नये.

उबुंटूने २१.०४ पासून बहुतेक मशीनवर एक्स११ची जागा घेणारे वेलँड हे डीफॉल्ट सत्र केले, तरीही लोक तिथे ‘सेटएक्सकेबीमॅप’ चालवत बसतात. ग्नोम या डेस्कटॉपवर लेआउटची यादी ग्नोम स्वतः सांभाळतो, म्हणून तिथे ‘जीसेटिंग्ज’ने ‘इनपुट-सोर्सेस’ बदलावे लागतात आणि लेआउट व व्हेरियंट यांच्यामध्ये अधिक चिन्ह येते: ‘आयएन+मराठी’. आपले सत्र कोणते, हे ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ हा चल (व्हेरिएबल) टर्मिनलमध्ये एकदा छापून पाहिला की कळते, आणि बाकी काहीही करण्यापूर्वी तो पाहावा.

सगळे बसल्यावर चाचणीसाठी मी या लेआउटच्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘दऱ्या’ लिहून पाहतो: ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. त्याऐवजी ‘दर्या’ उमटले, तर शिफ्ट राहून गेलेला आहे. लेआउट जागेवर आहे, तेव्हा त्यासाठी वरच्या आज्ञा पुन्हा चालवू नयेत.