ई-बुक रीडरचं परीक्षण वाचलंत? आता ‘तऱ्हा’ लिहून पाहा

नवा ई-बुक रीडर आला की पहिल्याच आठवड्यात पेपरात साडेचार तारे झळकतात. परीक्षण खोटं नसतं, पण यंत्र बरेचदा कंपनीनेच वापरायला दिलेलं आणि त्यावर वाचलेलं पुस्तक इंग्रजी. पडद्याचा उजेड, वजन, पान उलटायचा वेग, एवढ्यावर खुशाल विश्वास ठेवा. बाकीचं आपण तपासायचं.

१. एक छोटी ईपब (ई-पुस्तकांच्या साच्यातली) फाइल बनवा. त्यात तऱ्हा, दऱ्या, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, ॲप असे शब्द टाका. ओळखीत कुणाकडे तेच मॉडेल असेल तर त्यावर उघडा आणि अक्षर लहान-मोठं करून बघा. ‘तऱ्हा’मधला र फुटला की विषय संपला. (पुण्यात विचारलं की कुणीतरी निघतंच, सोबत सल्लाही फुकट.)

२. जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ उघडा. सहा इंची पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, तिथे ३०० पीपीआयचं (म्हणजे पडद्याच्या एका इंचात ३०० ठिपके) कौतुक फारसं कामाला येत नाही.

३. बॅटरी तासांत मोजा. ‘सहा आठवडे’ हा दावा सहसा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद या हिशेबाने असतो. म्हणजे २१ तास. रोज लोणावळा लोकलने ये-जा करत वाचणाऱ्याला आठवडाभर पुरले तरी खूप.

एक मात्र सांभाळा: खोकं फोडण्याआधी परतीच्या अटी वाचा. ‘मराठी नीट दिसत नाही’ हा दोष दुकानदार मान्य करेलच असं नाही.