हौशी रेडिओ क्लबमध्ये काम कुठून सुरू करावे

आमच्या हौशी रेडिओ क्लबमध्ये, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संचावरून बोलणाऱ्यांच्या मंडळात, येणारा नवा परवानाधारक पहिल्या भेटीत बहुधा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे कोणता रेडिओ सेट घ्यावा. प्रश्न रास्त आहे, कारण परवाना हातात पडल्यावर स्वतःच्या कॉल साइनने, म्हणजे परवान्यासोबत मिळालेल्या ओळखचिन्हाने, बोलण्याची ओढ काय असते, हे मी अनुभवले आहे. तरीही सांगलीतल्या एका लहान क्लबमध्ये आधी साधी सभासद, मग नेट कंट्रोलर (नेट म्हणजे ठरल्या वेळी हवेवर भरणारी सभा, आणि कंट्रोलर तिची सूत्रधार) आणि पुढे सहा वर्षे कार्यवाह म्हणून काम केल्यानंतर माझे उत्तर ठरून गेले आहे. सेट महिनाभर उशिरा आला तरी चालेल, पण ठरल्या दिवशी ठरल्या वेळी करावे लागणारे क्लबचे एखादे लहान काम आजच मागून घ्यावे.

परवान्याविषयी थोडक्यात सांगते. आपल्याकडे परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या अखत्यारीत होते आणि वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. मी 2012 मध्ये रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या श्रेणीची परीक्षा दिली. तिच्यात रेडिओचे तंत्र आणि नियम असे दोन भाग होते. वरच्या जनरल श्रेणीसाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, परीक्षा वेगळी द्यावी लागे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असल्याने तंत्राचा भाग सोपा गेला आणि नियमांचा भाग मात्र पाठ करून लिहिला. त्या नियमांमागचा विचार मला क्लबमध्ये काम करू लागल्यावर कळला, आणि आज मी विद्यार्थ्यांना नियमच आधी शिकवते. परीक्षा आणि परवाना यांच्यामध्ये काही महिने जातात. ते वाया घालवू नयेत. क्लबच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओ ठेवलेल्या खोलीत, जाऊन बसावे, जाणती माणसे कशी बोलतात ते ऐकावे आणि ऐकलेले वहीत लिहावे. कॉल साइन, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि आवाज किती स्पष्ट होता एवढे लिहिण्याची सवय जडली, तर पुढची अर्धी कामे सोपी होतात.

माझ्या वाट्याला आलेले पहिले काम हजेरीचे होते. आमचे नेट दर रविवारी सकाळी आठ वाजता दोन मीटर बँडवरच्या, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यातल्या, रिपीटरवरून चालते. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेले असे केंद्र, की जे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी 600 किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच बोलणे अधिक शक्तीने प्रक्षेपित करते. या बँडवरच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात, म्हणून पाच वॅटच्या हँडीवरून, म्हणजे हातात मावणाऱ्या सेटवरून, गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या तालुक्याशी बोलायचे असेल, तर डोंगराची मदत घ्यावी लागते. त्या नेटवर कोण आले, कोणाचा आवाज कसा होता आणि कोण सलग तीन रविवार आले नाही, याची नोंद ठेवणे हे माझे काम होते. ते कोणालाही नको होते. परंतु वर्षभराने क्लबमध्ये मी एकटीच अशी होते की जिला प्रत्येक सभासदाचा अँटेना कोणत्या दिशेला कमी पडतो, कोणाकडे बॅटरी आहे, कोणाचे वीज गेल्यावर काहीच चालत नाही आणि कोण आजारी म्हणून गप्प आहे, हे ठाऊक होते. 2014 मध्ये नेट कंट्रोलरची जागा रिकामी झाली तेव्हा माझे नाव सुचवले गेले ते या वहीमुळे.

नेट कंट्रोल करणे म्हणजे गप्पा रंगवणे नव्हे, आणि हे मला पहिल्या महिन्यात कळले नव्हते. आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का हे ऐकायचे आणि विचारायचे; मग नेट सुरू झाल्याचे सांगून सर्वांत आधी तातडीचा निरोप कोणाकडे आहे का, हे विचारायचे; त्यानंतर प्रवासात असलेली आणि कमी शक्तीची केंद्रे, म्हणजे बोलणाऱ्यांचे रेडिओ, घ्यायची, कारण ती केव्हाही ऐकू येईनाशी होतील; आणि घरी पक्का अँटेना असलेल्यांना शेवटी बोलवायचे. दोन बोलण्यांच्या मध्ये दोन-तीन सेकंदांची जागा सोडायची. ही जागा म्हणजे एखाद्या क्षीण केंद्राला आत येण्याचे एकमेव दार असते, आणि सराईत मंडळी ते बोलण्याच्या ओघात सर्वाधिक वेळा बंद करतात. मला खरी अडचण आली ती मोठ्यांना थांबवण्याची. माझ्या वडिलांच्या वयाचे सभासद आपल्या नव्या अँटेनाविषयी सांगू लागले की त्यांना मध्येच कसे अडवावे, हे मला जमत नसे. शेवटी एका ज्येष्ठांनीच मला सांगितले, "तू खुर्चीवर आहेस तोवर मी तुझा काका नाही, एक केंद्र आहे. सरळ 'स्टँड बाय' म्हण." त्यानंतर मी तसे म्हणू लागले. नेट संपल्यावर मात्र त्यांना फोन करून अँटेनाची उरलेली हकिगत ऐकून घेत असे, आणि ते ऐकणेही मी कामाचाच भाग मानत असे.

याला जोडून एक गोष्ट नव्या कंट्रोलरला आवर्जून सांगते. कोणाचे चुकले तर ते हवेवर सुधारू नये. कॉल साइन द्यायला विसरणे किंवा लांबत जाणे याविषयी सर्वांसमोर बोलले, की तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही, आणि त्याला टोकलेले शेजारच्या जिल्ह्यांपर्यंत ऐकले गेलेले असते. फोनवर, एकट्याला, त्याच दिवशी सांगावे. नियमभंगच होत असेल, उदाहरणार्थ व्यापाराचे बोलणे किंवा गाणी लावणे, तर मात्र तिथल्या तिथे शांतपणे थांबवावे, कारण नियम सांगणारा कोणीतरी हवाच.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी, जिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे, तिथे कृष्णा 57 फुटांवर गेली. अनेक भागांत वीज नव्हती, त्यामुळे मोबाईलचा भरवसा राहिला नव्हता. एरवी हौशी केंद्रावरून त्रयस्थांचे निरोप पोचवता येत नाहीत. आपत्तीत नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडली म्हणजे ती मुभा मिळते. आमच्याकडे पाच हँडी, एका जागी ठेवून वापरायचा एक बेस सेट आणि चारचाकीतून काढलेल्या दोन बॅटऱ्या होत्या. आम्ही मदत केंद्रांवर एकेक माणूस बसवला आणि निरोप घेऊ लागलो. त्या दिवसांत किती लोकांना मदत झाली याचा हिशेब मी मांडणार नाही, कारण खरे काम बोटी चालवणाऱ्यांनी आणि पोहणाऱ्यांनी केले. आमच्या चुका मात्र मी त्याच वहीत लिहून ठेवल्या आहेत, आणि नव्या माणसाला त्याच अधिक उपयोगी पडतील.

पहिली चूक आकड्यांची. एका केंद्रावरून "एकोणसाठ माणसे" असा निरोप आला आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या आमच्या तरुण स्वयंसेवकाने तो 69 असा लिहून घेतला. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना 'एकोण'चे आकडे पटकन उमगत नाहीत, आणि खरखरीत तर कोणालाच उमगत नाहीत. दहा माणसांचे जेवण जास्त गेले, म्हणून निभावले. उलटे झाले असते तर दहा माणसे उपाशी राहिली असती. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक आकडा सुटा बोलला जातो, "पाच, नऊ", आणि घेणारा तो परत वाचून दाखवतो. दुसरी चूक गावांच्या नावांची. कृष्णाकाठी नुसते 'वाडी' म्हटले की बहुतेक माणसे नृसिंहवाडी समजतात, पण बोलणाऱ्याच्या मनात त्याच्या शेजारची कोणतीही वाडी असू शकते. आता गावाच्या नावापुढे तालुका सांगितल्याशिवाय आम्ही निरोप स्वीकारत नाही. तिसरी चूक म्हणजे निरोपांना क्रमांक नव्हते. एकच मागणी तिघांनी तीन वेळा सांगितली आणि ती तीन वेगळ्या मागण्या समजली गेली.

पुरानंतर आम्ही मराठीत निरोपाचा साधा अर्ज छापून घेतला. त्यात क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, ठिकाण तालुक्यासह आणि मजकूर एवढेच रकाने आहेत. महिन्यातून एका रविवारी नेटवर त्याचा सराव होतो. सुरुवातीला सभासदांना तो शाळेतल्या शुद्धलेखनासारखा वाटला, आणि दोघांनी येणे बंद केले. मी तो थांबवला नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपात, 2001 च्या भुज भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत हौशी ऑपरेटरांनी निरोप पोचवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या वेगळ्याच कामासाठी, दूरच्या केंद्रांशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर, पोर्ट ब्लेअरला केंद्र लावून बसल्या होत्या आणि त्याच केंद्रावरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. तशी वेळ सांगून येत नाही, हे मी दर सरावाआधी मंडळींना सांगत असे.

क्लबच्या कागदपत्रांविषयी नवी माणसे विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेल्या संस्थेची धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद असते, आणि कार्यकारी मंडळ बदलले की 90 दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. मी 2017 मध्ये कार्यवाह झाले तेव्हा आमचे आधीचे दोन बदल कागदावर आलेच नव्हते, आणि बँकेत सही कोणाची चालणार, या प्रश्नात माझे पहिले वर्ष गेले. जमा-खर्च, पावतीपुस्तक, सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षण ही कामे ज्याला आवडतात असा एक सभासद क्लबला मिळाला, तर त्याला उत्तम ऑपरेटरइतकाच मान द्यावा. पैशांबाबत आणखी एक लक्षात ठेवावे: हौशी सेवेच्या व्याख्येतच आर्थिक लाभ वर्ज्य आहे. एका स्पर्धेच्या आयोजकांनी संदेशवहनासाठी मानधन देऊ केले होते. खजिनदारांचा जीव वर-खाली झाला, कारण सेट आणि अँटेना जोडणारी कोअ‍ॅक्स केबल घ्यायची होती. आम्ही नम्रपणे नकार दिला आणि केबल वर्गणीतून घेतली.

मुलांसोबतचे काम हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे प्लॅस्टिकच्या पाइपवर बसवून यागी, म्हणजे एका दिशेला रोखता येणारा, अँटेना तयार होतो. तो हातात धरून आम्ही दंडोबाच्या डोंगरावर वनखात्याच्या परवानगीने फॉक्स हंट घेतो, म्हणजे लपवलेला लहान ट्रान्समीटर दिशा पाहून शोधायचा. त्याच अँटेनाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना 145.800 मेगाहर्ट्झवर ऐकायला उभे राहिलेली मुले पहिल्यांदा खरखरीतून काही वेगळे येताच एकदम गप्प होतात. ती शांतता मी पुष्कळ वेळा अनुभवली आहे आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

आता माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक सांगते. जून 2022 मध्ये मी लग्नासाठी परगावी गेले होते आणि पहिल्या वळवाच्या पावसात रिपीटर बंद पडला. बिघाड किरकोळ होता. बॅटरी आणि चार्जर यांच्यामधला फ्यूज गेला होता. पण डोंगरावरच्या खोलीची किल्ली माझ्या कपाटात होती, फ्यूज कुठे आहे हे मला एकटीला माहीत होते, आणि त्या जागेच्या मालकांचा फोन क्रमांकही माझ्याच फोनमध्ये होता. चार दिवस क्लब मुका राहिला. परत आल्यावर कोणी मला बोलले नाही. उलट, "ताई नसल्या की काही चालत नाही" असे कौतुकाने म्हणाले, आणि ते वाक्य मला फार लागले. पाच वर्षे मी प्रत्येक काम स्वतः करत राहिले होते, आणि त्याला मी निष्ठा समजत होते.

त्या वर्षी आम्ही किल्लीचे तीन संच केले, रिपीटरच्या खोलीतल्या भिंतीवर वायरिंगचा आराखडा मराठीत लावला आणि प्रत्येक कामाला एक जोडीदार नेमला. फॉक्स हंटमध्ये भेटलेली एक विद्यार्थिनी, जिने नुकताच परवाना मिळवला होता, तिला मी हजेरीची वही दिली. तिने ती सहा महिने चोख ठेवली. मग तिला महिन्यातला एक रविवार कंट्रोलर म्हणून दिला, आणि त्या रविवारी मी मुद्दाम रेडिओ बंद ठेवत असे, कारण मी ऐकते आहे हे कळले की मंडळी अडल्यावर मलाच हाक मारत. 2023 च्या सर्वसाधारण सभेत मी कार्यवाहपद सोडले. फेरफार अहवाल तिसऱ्या आठवड्यात दाखल झाला.

पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, नेट संपल्यावर रिपीटरच्या बॅटऱ्या तपासायला तीन जण डोंगरावर जातात. त्यांपैकी एक जण असा लागतो, जो आधी कधीच वर गेलेला नाही. फ्यूज बदलायचा तो त्यानेच, आणि बाकी दोघांनी हात मागे बांधून उभे राहायचे. या वर्षीचे नाव अजून ठरलेले नाही. परवाना आलेला नसला तरी त्या कामाला येता येते.