सफाईचा खर्च कमी करायचाय? आधी हजेरी चौकीवर जा

नगरपालिकेत 31 वर्षं स्वच्छता निरीक्षक होतो. निवडून आलेला नवा नगरसेवक पहिल्याच सभेत विचारायचा, "सफाईवर एवढा खर्च कशाला? ठेका देऊन टाका." त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं तरी चालेल.

सुरुवात पहाटे पावणेसहाला, हजेरी चौकीवर, न सांगता. मस्टर हातात घ्या आणि समोरची माणसं मोजा. मग मुकादमाबरोबर एक अख्खं बीट, म्हणजे झाडायला नेमून दिलेला पट्टा, चाला. आमच्याकडे सगळे म्हणायचे, खाडे हाच रोग. मीही म्हणायचो. बीट चाललो तेव्हा कळलं, झाडूवाल्या बायका सात वाजेपर्यंत ढीग लावून मोकळ्या होतात आणि गाडी येते साडेनऊला. तोवर कुत्री आणि वारा ढीग पुन्हा रस्त्याला लावतात. पुन्हा झाडा, त्याचा ओव्हरटाइम द्या. गाडी उशिरा का, तर डिझेलची चिठ्ठी देणारा कारकून नऊला उगवतो! चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळी द्यायला लागलो आणि ओव्हरटाइम निम्म्यावर आला. यात युनियनशी भांडण्यासारखं काही नव्हतंच.

कामाची वेळच बदलायची असेल तर मात्र माझ्यासारखं करू नका. मी शुक्रवारी परिपत्रक चिकटवलं: सोमवारपासून पाळी तासभर आधी. पहिली एसटी किती वाजता येते हे विचारलंही नाही. चार दिवस कचरा पडून राहिला, वर औद्योगिक न्यायालयाची स्थगिती. पाळी, कामाचे तास, रजा, चालत आलेली सवलत यांत बदल करायचा तर 21 दिवस आधी नोटीस लागते. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 9-अ तेच सांगत होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते 21 दिवस कायम आहेत. ते वाट पाहण्यात घालवू नका, युनियनच्या ऑफिसात चहा प्यायला जा. दुसऱ्या खेपेला गेलो, तर त्यांनीच तोड सुचवली: लवकर यायचं ते फक्त बाजारपेठेच्या बीटांनी, तेही चालत येऊ शकणाऱ्यांनी.

साबण, गमबूट, धुलाई भत्ता यांत बचत शोधू नका. वाचतं किडूकमिडूक, आणि मोर्चा मात्र मोठा निघतो.

आता ठेका. निविदा उघडण्याआधी कागदावर स्वतः हिशोब मांडा. एका कामगाराचं किमान वेतन, त्यावर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) 3.25 टक्के, बोनस, आठवड्याच्या सुट्टीला लागणारा बदली माणूस, ठेकेदाराचा नफा आणि त्याच्यावर देखरेख करणारा तुमचा निरीक्षक. सगळ्यात कमी दर या बेरजेच्या खाली असेल, तर फरक कामगाराच्या पगारातून निघणार. ठेकेदाराने पगार बुडवला की मूळ मालक म्हणून तो भरायची वेळ पालिकेवरच येते. मुंबईचं उदाहरण समोर ठेवा. कचरा वाहतूक श्रमिक संघ कंत्राटी कामगारांसाठी लढला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 जणांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं. माणसं वर्षानुवर्षं तीच, काम तेच, साहेबही पालिकेचाच, आणि कागदावर तेवढा ठेकेदार, असं असलं की कोर्टाला ते दिसतं.

जे ठरेल त्याचा लेखी करार करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि प्रत प्रत्येक चौकीत लावा, कारण मुकादम बदलतात. बीटांचे नंबर आणि माणसांची संख्या त्यात स्पष्ट घाला. मसुद्यात 'आवश्यकतेनुसार' दिसलं की तिथल्या तिथे खोडा. त्या एका शब्दापायी मी सहा वर्षं तारखांना गेलोय.