धुऱ्यावर सांडलेलं सोयाबीन उचला, पारवे आपोआप कमी येतील

शेतकरी बंधू-भगिनींनो, पेरणीयंत्र धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, वळतं तिथे मूठ-दोन मूठ दाणे उघड्यावर पडतात. तुम्ही पुढच्या तासाला, म्हणजे पेरणीच्या ओळीला, लागता आणि पारव्यांना जागा सापडते. दोन-तीन दिवस ते हेच दाणे टिपतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर आला की तोच थवा तासात उतरतो.

एका शेतात मी सकाळी साडेसहाला पोचलो. धुऱ्यालगतच्या आठ-दहा तासांत नुसत्या हिरव्या काड्या उभ्या होत्या, वरची जाड दलं (दाण्याच्या दोन फाकांची पहिली पानं) चोचीने तोडलेली. दलांच्या खाली तुटलेलं सोयाबीन पुन्हा फुटत नाही. मधलं शेत मात्र शाबूत होतं.

म्हणून पेरणी संपली की त्याच संध्याकाळी चारही धुरे फिरा. सांडलेले दाणे मातीआड करा किंवा वेचा. थायरम हे बुरशीनाशक लावलेलं बियाणं विषारी असतं. वेचलेले दाणे खड्ड्यात पुरा, कोंबड्यांपुढे टाकू नका.

नेहमीची कामं:
- 75 ते 100 मिमी पावसाशिवाय पेरणी नको
- अंतर 45 × 5 सेंमी, खोली 3 ते 4 सेंमी
- बियाणं एकरी 26 ते 30 किलो, उगवण किमान 70 टक्के
- थायरम 3 ग्रॅम प्रति किलो बियाण्याला, रायझोबियम (जिवाणूखत) शेवटी

पेरणीनंतर चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत राखण हवीच. उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर माणूस शेतात पाहिजे. गोफण मोकळी फिरवा, डबा वाजवा, पाखराला दगड मारू नका. लाल-चंदेरी फिती पाच-पाच मीटरवर, पीळ देऊन ताणा, म्हणजे वाऱ्यावर घुमतात. दर दोन दिवसांनी जागा बदला. बुजगावणं एकाच जागी राहिलं तर पारवे त्याच्या खांद्यावर बसतात. माझा अंदाज असा, की गावात एकटंच आधी पेरलेलं शेत सगळ्यांत जास्त मार खातं. शेजाऱ्यांच्या बरोबरीने पेरा.

दुकानदार अल्ट्रासॉनिक यंत्र पुढे करेल. घेऊ नका. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही आणि पारव्यालाही येत नाही. त्या पैशात हंगामभराच्या फिती येतात.

विषारी दाणे टाकणं तर कधीच नको. पारव्यासाठी टाकलेलं विष मोर, तितर, होले सगळेच खातात. मोर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहे आणि विष घालणं ही कायद्याने शिकारच आहे. नायलॉनचा मांजाही ताणू नका, पंख कापलेलं पाखरू दिवसभर तडफडतं.

तरी नांग्या (तासात रिकाम्या जागा) पडल्याच, तर आठ-दहा दिवसांच्या आत, ओल असतानाच टोकण करून भरा. टोकताना हातातून पडलेला दाणाही तिथेच दाबा.