वाळूवरच्या नव्या ग्रीनला खत देताना या चुका टाळा

आपण सोलापूरकर काळ्या मातीत वाढलेली माणसं. काळी माती दिलेलं खत धरून ठेवते, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. गोल्फचं ग्रीन, म्हणजे चेंडू ज्या खळगीत घालायचा तिच्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, मात्र वाळूवर असतं. तळाला चार इंच खडी, वर फूटभर वाळू. पाणी झटकन निचरावं म्हणूनच ही रचना, आणि त्या पाण्याबरोबर नत्रही निघून जातं. नव्या हरळीची मुळं सुरुवातीला जेमतेम बोटभर खोल असतात. त्याखाली उतरलेलं खत तिला कधीच मिळत नाही.

दहा आठवड्यांचं खत एकाच दिवशी

ही चूक बघून मी थकलो आहे. अक्कलकोट रस्त्याला एका शेतात चारशे चौरस मीटरचं ग्रीन लावलं होतं. एप्रिलचा महिना, टिफड्वार्फ या बुटक्या हरळीच्या काड्यांना जमिनीलगत पळणारे फुटवे नुकतेच सुटलेले. मी दोन दिवस पंढरपूरला गेलो. तिथल्या मुकादमानं संध्याकाळी तुषार बंद केले आणि ओल्या पात्यांवर अर्धी गोणी युरिया हातानं फेकला. जन्मभर उसात काम केलेला माणूस. मला म्हणाला, "मालक, उसाला एवढं तर लागतंच की."

तिसऱ्या दिवशी गवतावर तपकिरी कमानी उमटल्या होत्या. प्रत्येक मूठ कुठून कुठे गेली ते दिसत होतं. कोपऱ्यात तो वळायला थांबला असणार, तिथं तर पार बुडख्यापर्यंत जळालं होतं.

गंमत बघा, त्याचा एकूण आकडा चुकलेला नव्हता. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी 250 किलो नत्र, म्हणजे चौरस मीटरला 25 ग्रॅम. नवं ग्रीन दहा आठवड्यांत साधारण तेवढंच खातं. पण आठवड्याला अडीच-अडीच ग्रॅमनं. चारशे चौरस मीटरला आठवड्याचा युरिया सव्वादोन किलोच्या आत बसतो. पडला होता बावीस किलो.

दोन दिवस पाणी सोडून धुतलं तेव्हा फुटवे वाचले. पण नत्र निचऱ्याच्या पाइपातून ओढ्याकडे गेलं, आणि ओढ्याच्या काठालाच त्या शेतवाल्यांची पिण्याची विहीर. ते मला आजही टोचतं. पुढच्या दहा दिवसांत वाचलेलं गवत उपाशी पडून पिवळं झालं.

तेव्हापासून माझ्या गाडीत वजनकाटा असतो. आठवड्याचं खत तोलायचं, चौपट कोरड्या वाळूत कालवायचं. निम्मं उभं, निम्मं आडवं टाकायचं. वेळ सकाळची, पातं कोरडं झाल्यावर, आणि लगेच दहा मिनिटं पाणी. उन्हाळ्यात मी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घेतो. वजन दुपटीहून जास्त लागतं, पण गंधकही मिळतं. पालाश म्हणजे पोटॅशही वाळूतून धुऊन जातो, त्यामुळे तोही थोडा थोडा द्यावा.

पिवळं दिसलं की युरिया

आपल्या बोअरचं पाणी जड. तुषारच्या तोंडाला पांढरा थर जमतो तो बघा. अशा पाण्यानं वाळूत लोह असूनही गवताला घेता येत नाही. पातं तोडून भिंगाखाली धरा. कोवळ्या पात्याच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी. जुनी पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. लोहासाठी मी लिटरला तीन ग्रॅम फेरस सल्फेट संध्याकाळी फवारतो आणि सकाळपर्यंत पाणी देत नाही. आधी एक चौरस मीटरवर करून बघा. फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग जात नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सुपर फॉस्फेट लागणीआधी वरच्या चार इंचांत मिसळा, नंतर वरून टाकलेलं स्फुरद फारसं खाली सरकत नाही. शेणखत घालू नका, त्यातून लव्हाळा येतो आणि मग तो निघता निघत नाही. वरून पोयटा तर मुळीच नको. वाळूवर मातीचा थर बसला की निचरा संपला, भर घालायची ती त्याच वाळूची. वळवाचे ढग दिसले की खताची पिशवी बांधून ठेवा. काडी हलकेच ओढल्यावर ती हाताला विरोध करत नसेल, तर पहिलं खतही थांबवा.

आणि "पंधरा दिवसांत कार्यक्रम आहे, काहीतरी जोरदार टाका" असं कोणी म्हणालं तर मी ते काम घेत नाही. काड्यांपासून लावलेली हरळी गच्च भरायला उन्हाळ्यातही दहा-बारा आठवडे घेते.