'गेट' दिसलं की आधी पुढचा शब्द बघा

इंग्रजीतलं 'गेट' (get) हे क्रियापद शिकताना 'गेट म्हणजे मिळणे' असं कुणी वहीत लिहिलं की मी ते खोडायला लावते. अर्थ पाठ करत बसू नका, गेटच्या पुढे काय आलंय ते बघा.

वस्तू आली तर मिळणे, आणणे, विकत घेणे. जागा आली तर पोचणे: 'गेट होम'. विशेषण आलं की सरळ 'होणे': 'इट्स गेटिंग डार्क', अंधार पडतोय. 'आय गेट इट' मात्र वेगळंच, म्हणजे कळलं.

खरी गंमत पुढे माणूस आला की. 'आय गॉट हिम टू साइन', म्हणजे मी त्याच्याकडून सही करून घेतली. यातला 'टू' गाळू नका. 'मेक हिम साइन'मध्ये तो नसतो, म्हणून मुलं इथेही खाऊन टाकतात. 'आय गॉट माय हेअर कट'मध्ये केस ही वस्तू असली तरी पुढे 'कट' आलंय, म्हणून इथेही काम करून घेतलंय: केस दुसऱ्याने कापले. 'आय कट माय हेअर' म्हणालात तर कात्री तुमच्याच हातात!

'गेट ओव्हर', 'गेट अवे विथ' वगैरे मंडळींना ही युक्ती लागू नाही. ती वेगळ्या पानावर, अख्ख्या वाक्यासकट उतरवायची.